बागेत जमायचंय? शेड बुक करण्यापासून अनामत परत मिळेपर्यंत

बाग सगळ्यांची, मग तिथे जमायला परवानगी कशाला? पहिल्यांदा कार्यक्रम ठरवणाऱ्याच्या तोंडून हा प्रश्न हमखास येतो. परवानगी लागते ती बाग सगळ्यांची आहे म्हणूनच. तिचा एक तुकडा काही तास बाकीच्यांना बंद ठेवून तुम्हाला हवा असतो आणि त्या बदल्यात तुम्ही लेखी काही कबूल करायचं असतं. बुकिंगची नियमावली चार पानांची असो की चाळीस, आत एवढाच व्यवहार असतो.

आमच्या गटाच्या दुसऱ्याच स्नेहमेळाव्याला "जागेचं तू बघ" असं कुणीतरी सहज म्हणालं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. तेव्हापासून शेड, हिरवळ, खुला रंगमंच असं बरंच काही बुक करून झालं. एकदा अनामत गेली, एकदा चमचे अंधारात मोजावे लागले. खालचं सगळं पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. मुदती, शुल्क आणि माणसांची मर्यादा प्रत्येक बागेची वेगळी, ती तिथल्या कार्यालयातूनच घ्या. कामाचा क्रम मात्र सगळीकडे साधारण हाच.

परवानगी लागते का, हे आधी पाहा

दहाबारा जणांनी चटई अंथरून बसायचं, गप्पा मारायच्या आणि उठताना आपला कचरा घेऊन जायचं, याला सहसा काही लागत नाही. पण पुढच्या चारपैकी एक जरी गोष्ट असली तरी कार्यालय गाठायचं. माणसं ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त आहेत. एखादी जागा त्या वेळेत आपल्यालाच हवी आहे. मंडप, स्पीकर, जनरेटर, शेगडी असं काही बाहेरून आणायचं आहे. किंवा तिकीट, विक्री, जाहीर निमंत्रण असा काही प्रकार आहे.

संख्येची रेघ कुठे मारायची हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. न्यूयॉर्क शहराच्या बागांमध्ये २० पेक्षा जास्त माणसांच्या कार्यक्रमाला परवाना लागतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोरच्या लांबलचक मोकळ्या हिरवळीवर, निदर्शनांसाठी हीच रेघ २५ वर आहे. न्यूयॉर्कच्या नियमात पुढे एक ओळ आहे, जी नवख्यांच्या नजरेतून निसटते: माणसं २० पेक्षा कमी असली, पण ठरावीक जागा राखून हवी असली, तरी परवाना लागतोच. म्हणजे "आम्ही फक्त पंधरा जण आहोत" हे उत्तर पुरत नाही. पंधरा जणांनी शेडला दोरी बांधून बाकीच्यांना अडवलं, तर तो बुकिंगचाच मामला झाला.

शिकागोच्या बागांचा असाच एक नियम २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ५० पेक्षा जास्त माणसं जमणार असतील किंवा ध्वनिवर्धक लावणार असाल, तर आधी परवाना घ्या, असा तो नियम. न्यायालयाने तो टिकवला. तुम्ही बागेत काय बोलणार हे त्या नियमात कुणी विचारत नव्हतं, नकाराची कारणं आधीच लिहून ठेवलेली होती आणि अर्जाचा निर्णय १४ दिवसांत, फार तर आणखी १४ दिवस वाढवून, द्यायचं बंधन कार्यालयावर होतं. आपल्या कामाचं त्यातलं दोन गोष्टींत सांगते. एक, कार्यालयाला तुमच्या उपक्रमाची थोरवी ऐकायची नसते, त्यामुळे अर्जात त्यावर दोन परिच्छेद खर्च करू नका. किती जण, कुठे, किती ते किती, काय आणणार, बस्स. दुसरं, अर्ज नाकारला तर कारण लेखी मागायला लाजू नका. "जागा नाही" असं तोंडी उत्तर आणि "त्या वेळी शेड क्र. ३ दुसऱ्या गटाला दिली आहे" असं लेखी उत्तर यांत फरक असतो. दुसऱ्या उत्तरावरून लगेच विचारता येतं, मग क्र. ५ आहे का?

जागा पाहायला स्वतः जा, आणि त्याच वारी, त्याच वेळी जा

संकेतस्थळावरचा फोटो बहुधा उद्घाटनाच्या आठवड्यातला असतो. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी असेल तर रविवारी संध्याकाळीच जाऊन या. मंगळवारी सकाळी जी जागा शांत, सावलीची वाटते, तिथे रविवारी शेजारच्या मैदानातला चेंडू दर दहा मिनिटांनी येऊन पडत असतो आणि कलता सूर्य नेमका बाकांवर बसलेल्यांच्या डोळ्यांत जात असतो.

गेल्यावर काय पाहायचं? नळाला पाणी येतं का, ते तोटी फिरवून पाहा. विजेचा पॉइंट असला तर चालू आहे का, की नुसतीच पेटी. स्वच्छतागृह किती पावलांवर आहे आणि ते कधी बंद होतं, कारण काही बागांत स्वच्छतागृहाला फाटकाच्या आधी कुलूप लागतं. गाडीतून सामान उतरवायची जागा आणि शेड यांत अंतर किती. चाकाच्या खुर्चीवरून येणारं कुणी असेल तर वाट पायऱ्यांवरून जाते का. उतार असला तर तो १ ला १२ पेक्षा चढा नको, म्हणजे एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी. नुसता "रॅम्प आहे" हा शब्द ऐकून घेऊ नका. काही रॅम्प सामानाच्या हातगाडीसाठी बांधलेले असतात आणि तसेच दिसतात.

हिरवळ घेणार असाल तर पाणी कधी सोडतात हे माळीबुवांना विचारा. स्वयंचलित फवारे कुणाच्या कार्यक्रमासाठी थांबत नाहीत. बंद ठेवायला हवे असतील तर तसं अर्जात लिहावं लागतं.

आणि शेडचा क्रमांक खांबावर वाचून घ्या. "तळ्याकाठची शेड" म्हणून आम्ही जी बुक केली होती ती तळ्याच्या पलीकडच्या काठाची निघाली. वीस मिनिटं आम्ही एका वाढदिवसाच्या मंडळींशी आमची शेड, आमची शेड करत होतो. शेवटी त्यांनी पावती दाखवली आणि आम्ही टेबलं उचलून तळ्याला अर्धी प्रदक्षिणा घातली.

माणसं मोजताना लबाडी नको

अर्जात माणसं कमी लिहायचा मोह सगळ्यांना होतो, कारण संख्येच्या टप्प्यावर भाडं, अनामत आणि कधीकधी विम्याची अटही बदलते. पण मोजणी डोक्यांची असते. कडेवरचं मूलही धरायचं, जेवण वाढायला आलेली माणसंही, आणि "पाच मिनिटं डोकावून जातो" म्हणणारे नातेवाईकही. चाळीस लिहून सत्तर आले तर बागेचा कर्मचारी तिथल्या तिथे कार्यक्रम थांबवू शकतो, आणि त्या वेळी आपल्याकडे बोलायला तोंड नसतं.

जागा पुरेल का, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. टेबलखुर्च्या मांडून बसायचं तर माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास धरा, नुसत्या ओळीने खुर्च्या असतील तर पाऊणच्या आसपास. १० बाय ६ मीटरची शेड म्हणजे ६० चौरस मीटर. टेबलं मांडली तर पन्नास माणसांच्या आत ती भरली. साठ जण येणार असतील तर लगतच्या हिरवळीचा तुकडाही अर्जात मागायला हवा. "थोडं बाहेर पसरू" असं मनात ठेवून जाऊ नका. शेडच्या बाहेरची हिरवळ तुम्ही बुक केलेली नसते, आणि तिथे आधीच बसलेल्या आजोबांना उठवायचा तुम्हाला काहीएक हक्क नसतो.

चार तास म्हणजे पावणेदोन तास

नवखी माणसं सगळ्यांत जास्त फसतात ती इथे. परवान्यावर ४ ते ८ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ चारला तुमचं पहिलं टेबल आत येईल आणि आठला शेवटची पिशवी बाहेर गेलेली असेल, एवढाच. कार्यक्रम ४ ते ८ असा तो कधीच नसतो.

हिशेब उलट्या बाजूने करा. आठला जागा परत द्यायची. त्याआधी पंधरा मिनिटं कर्मचाऱ्यासोबत पाहणी. त्याआधी पाऊण तास आवराआवर. म्हणजे सातला कार्यक्रम संपायला हवा, आणि सातला संपायचा तर निरोपाचं बोलणं साडेसहालाच सुरू करायला हवं, कारण निरोप घेणं हा आपल्याकडे एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. उठलेला माणूस चप्पल घालेपर्यंत त्याला तीन नव्या गोष्टी आठवतात. सुरुवातीकडून पाहा: चारला आत आलात, पाऊण तास मांडामांड. म्हणून निमंत्रणात पावणेपाच लिहिणार, आणि लोक सव्वापाचला येणार. सव्वापाच ते सात. भाडं चार तासांचं, हातात आले पावणेदोन.

हे कळल्यावर दोनच मार्ग उरतात. एक तर आणखी एक तास घ्यायचा, आणि तो आधीच घ्यायचा, कारण पुढच्या वेळेला दुसरा गट असला तर आयत्या वेळी वाढवून मिळत नाही. नाहीतर कार्यक्रमाला कात्री लावायची. मी बहुतेक वेळा तास वाढवून घेते. भाषणाला कात्री लावणं कार्यालयाशी भांडण्यापेक्षा अवघड असतं.

ज्या वर्षी हे गणित केलं नव्हतं त्या वर्षीची गोष्ट. आठ वाजून गेले होते आणि कुणाचं तरी गाणं रंगात आलं होतं. आधी लांबच्या चालायच्या वाटेवरचे दिवे गेले, मग तळ्याकडचे, मग खेळण्यांपाशी असलेला मोठा. अंधार एकेक खांब करत आमच्याकडे चालत आला. शेडमधला दिवा विझला तेव्हा गाणं अंतऱ्यावर होतं. पाठोपाठ वॉचमनकाकांची बॅटरी दिसली. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "ताई, साडेआठला फाटक लागतं. तुमच्या गाड्या आतच आहेत ना?" त्यानंतरची धावपळ सांगण्यासारखी नाही. मोबाईलच्या उजेडात भांडी भरली आणि घरी गेल्यावर चौदा चमचे कमी निघाले.

अर्ज

अर्ज ऑनलाईन असो की कागदी, जितका लवकर कराल तितकं चांगलं. मोक्याचे रविवार आणि सुट्ट्या बुकिंग उघडतं त्याच आठवड्यात संपतात. म्हणून तुमच्या बागेत बुकिंग किती दिवस आधी उघडतं आणि किती दिवस आधी बंद होतं, या दोन्ही तारखा विचारून घ्या. नॅशनल मॉलवर वर्षभर आधीपासून अर्ज घेतात, निदान ४८ तास आधी तरी द्यावा लागतो. छोट्या बागांत ही खिडकी बरीच अरुंद असते.

अर्ज ज्याच्या नावाने, जबाबदारी त्याची. गटाच्या वतीने सही केलीत तरी दंड, भरपाई आणि फोन तुम्हालाच येणार. त्यामुळे सही करणाराच त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर राहील असं पाहा, आणि दुसऱ्या एका माणसाचं नाव पर्याय म्हणून द्या.

छापील फॉर्म नसेल तर साधारण असा अर्ज चालतो:

*मा. उद्यान अधीक्षक यांस,*

*विषय: शेड क्र. ३ व लगतची हिरवळ स्नेहमेळाव्यासाठी राखून मिळणेबाबत.*

*आमच्या गटातील अंदाजे ६० व्यक्तींचा (त्यांपैकी १५ मुले) स्नेहमेळावा वरील जागेत घेण्याचे योजिले आहे. मांडणी व आवराआवरीसह दुपारी ४ ते रात्री ८ ही वेळ मिळावी. कार्यक्रम खासगी असून तिकीट, वर्गणी अथवा विक्री नाही. सोबत आणावयाचे साहित्य: घडीची ८ टेबले, ४० खुर्च्या, बॅटरीवर चालणारा एक लहान स्पीकर. मंडप, जनरेटर व उघडी आग नाही. जेवण तयार आणले जाईल. हिरवळीवरील पाण्याचे फवारे सदर वेळेत बंद ठेवावेत ही विनंती. ही जागा उपलब्ध नसल्यास शेड क्र. ५ किंवा पुढील रविवार चालेल. नियम व अटी वाचल्या असून त्या मान्य आहेत. जबाबदार व पर्यायी व्यक्तींची नावे आणि संपर्क क्रमांक सोबत जोडले आहेत.*

यातली "ही जागा नसल्यास" ही ओळ विसरू नका. ती नसेल तर नकार येतो, ती असेल तर बहुधा पर्याय येतो.

पैसे भरताना भाडं आणि अनामत यांच्या पावत्या वेगळ्या आहेत का, किंवा एकाच पावतीवर दोन्ही रकमा वेगळ्या दाखवल्यात का, हे खिडकीवरच पाहा. बाकी भरण्यात काही विशेष नाही. पैसे भरले म्हणजे परवानगी मिळाली असं मात्र धरू नका. परवान्याचा कागद किंवा निश्चितीचा ईमेल हाती आल्यावरच निमंत्रणं पाठवा.

अटी वाचायच्या त्या अशा

अटींचा कागद सगळेच सही करून मोकळे होतात. निदान आवाज, जमीन, झाडं आणि आग एवढे शब्द शोधून तेवढ्या ओळी तरी वाचा. अनामत जाते ती या चारांपैकीच कशात तरी.

आधी आवाज. उघड्यावर, वाटेत काही आडवं नसेल तर, अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १० मीटरवर ८० डेसिबल असेल तर २० मीटरवर ७४, ४० मीटरवर ६८ आणि ८० मीटरवर ६२. म्हणजे लांबच्या बाकावर पुस्तक घेऊन बसलेल्या माणसालाही तुमची निवेदनं ऐकू जातातच. एक मोठा स्पीकर लांबवर फेकण्यापेक्षा दोन छोटे आपल्याच माणसांजवळ, त्यांच्याकडे तोंड करून ठेवले तर आवाज कमी ठेवूनही सगळ्यांना नीट ऐकू येतं. काही ठिकाणी बाहेरची यंत्रणा चालतच नाही, बागेचीच घ्यावी लागते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या खुल्या रंगमंचासाठी शहराचीच यंत्रणा आणि शहराचाच तंत्रज्ञ वापरण्याचा नियम होता, आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही ग्राह्य धरला. तेव्हा यावर खिडकीवरच्या कर्मचाऱ्याशी वाद घालून फार काही हाती लागणार नाही.

आता जमीन. आमची अनामत गेली ती इथे. "जमिनीत खुंट्या ठोकू नयेत" ही अट मी वाचली होती, पण वाचली ती मी एकटीने. मंडप उभा करायला आलेल्या दोघा उत्साही मित्रांना ती सांगायची राहिली. दुसऱ्या खुंटीला हातोड्याचा तिसरा घाव बसला आणि मातीतून सापाच्या फुत्कारासारखा आवाज आला. मग गवताच्या बुडाशी पाण्याचे बुडबुडे, मग बोटभर उंच कारंजं. हिरवळीखाली फवाऱ्यांचा अंगठ्याएवढा काळा पाईप गेलेला होता. माळीबुवा आले, गुडघ्यावर बसले, हाताने माती बाजूला करून भोक पाहिलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "एक वीत पलीकडे असती तर वाचला असता." दुरुस्तीचा खर्च अनामतीतून कापला गेला, आणि तो बरोबरच होता.

तेव्हापासून मंडपाच्या पायांना आम्ही पाण्याचे कॅन बांधतो. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे २० लिटरचा भरलेला कॅन २० किलोचा झाला. प्रत्येक पायाला एक. वारा सुटला तर तेवढ्यावर विसंबायचं नाही, सरळ कापड उतरवायचं. जाताना त्याच पाण्याने हात धुता येतात, हा वरचा फायदा.

झाडांना खिळे, तारा, दोऱ्या काही नको. फांद्यांवर माळा बांधायची परवानगी असली तरी सुटी गाठ मारा आणि किती ठिकाणी बांधली ते लिहून ठेवा, नाहीतर दोन राहतातच. झाडाखालच्या सावलीत गाडी लावायचा मोहही आवरा. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या अर्ध्यापाऊण मीटरमध्येच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. गाड्यांच्या वजनाने माती दबते, मुळांना हवापाणी मिळेनासं होतं आणि झाड दोनतीन वर्षांनी वाळायला लागतं, तोवर कुणाला कार्यक्रम आठवतही नाही. फुगे, कागदी चमकी आणि आकाशकंदील उडवणं यांवर बऱ्याच बागांत बंदी असते. चमकीवरची बंदी मला आधी फार वाटायची. एकदा ती ओल्या गवतातून वेचून पाहिली आणि मत बदललं. चकचकीत लेपाचे फुगे तर विजेच्या तारांवर अडकले की शॉर्टसर्किट करतात.

आग असेल तर ठरवून दिलेल्या शेगडीच्या कट्ट्यावरच, आणि पाण्याची बादली हाताशी. कोळसा विझवायला वाळू किंवा माती टाकू नका. वरून विझलेला दिसतो आणि खाली तासन् तास धगधगत राहतो, मग दुसऱ्या दिवशी अनवाणी पोर त्यावर पाय देतं. पाणी ओता, ढवळा, पुन्हा पाणी ओता, आणि हात जवळ नेऊन ऊब लागत नाही ना हे पाहा. जेवण तयार आणणार असाल तर शिजवलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. उष्मा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. वरचा पावणेदोन तासांचा हिशेब इथे कामाला येतो: अन्न चारला आणून सहाला वाढायचं ठरवलंत तर मुदत वाढपातच संपते. जेवण उशिरा येऊ द्या.

प्राणी, दारू, धूम्रपान, ड्रोन यांच्या ओळी कागदावर असतातच. त्या जशा आहेत तशा पाळा, त्यात समजावण्यासारखं काही नाही.

पाऊस आणि रद्द करणं

अर्ज करण्याच्या दिवशीच दोन प्रश्न विचारून ठेवा. आम्ही रद्द केलं तर किती दिवस आधीपर्यंत किती पैसे परत? आणि बागेने रद्द केलं, म्हणजे वादळ आलं, झाड पडलं, चिखलामुळे हिरवळ बंद ठेवली, तर पैसे परत की दुसरी तारीख? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अटींमध्ये फारसं ठळक नसतं. मी तारीख बदलून घेणं पसंत करते, पैसे परत यायला लागणारा वेळ पाहता.

विजांचा कडकडाट सुरू झाला तर कार्यक्रम थांबवायचा, यात मतदान नको. चहूबाजूंनी उघडी शेड पावसापासून वाचवते, विजेपासून वाचवत नाही, आणि एकटं उभं झाड तर त्याहून वाईट. बंदिस्त इमारत किंवा पत्र्याच्या टपाची, काचा वर केलेली गाडी, हाच आसरा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं थांबून मगच परत या. वीज किती लांब हे मोजायचं असेल तर लखलखाट आणि आवाज यांतले सेकंद मोजून तिनाने भागा, साधारण तितके किलोमीटर. मुलं हे मोजण्यात छान रमतात, तेवढीच त्यांची भीती कमी.

त्या दिवशी

परवान्याच्या दोन छापील प्रती न्या. मोबाईलची बॅटरी नेमकी त्याच दिवशी संपते. एक प्रत शेडच्या खांबाला चिकटपट्टीने लावा, आतल्या बाजूला, पाऊस लागणार नाही अशी. सामान उतरवायच्या आधी शेडचे आणि हिरवळीचे फोटो काढा: आधीच मोडलेला बाक, आधीचा जळका डाग, भरून वाहणारी कचरापेटी. हे दहा फोटो तुमची अनामत वाचवतात.

तुमच्या जागेत कुणी बसलेलं असेल, आणि असतंच, तर कागद नाचवत जाऊ नका. "काका, चारपासून ही शेड आम्हाला दिलीय. तुमचं आटपेपर्यंत आम्ही तिकडे सामान लावतो, चालेल ना?" एवढं पुरतं. माणसं बहुधा आपणहून उठतात, कधी टेबल उचलू लागतात. अगदीच कुणी अडून बसलं तर स्वतः वाद न घालता बागेच्या कर्मचाऱ्याला बोलवा. बुकिंग राबवणं त्यांचं काम आहे, तुमचं नव्हे.

वाट मोकळी ठेवा. शेडसमोरून चालायची वाट जात असेल तर तिच्यावर एकही खुर्ची नको, एक्स्टेंशनची वायर तर मुळीच नको. रुग्णवाहिका यायची वेळ आली तर ती त्याच वाटेने येणार असते.

आवराआवर, पाहणी आणि अनामत

कचऱ्याच्या पिशव्या घरून न्या, लागतील वाटतं त्याच्या दुप्पट. ओला आणि सुका वेगळा करायचं काम दोन नावं घेऊन ठरवा. "सगळ्यांनी मिळून आवरूया" म्हटलं की पाच जणी आवरतात आणि बाकीचे त्यांचे फोटो काढतात. बागेच्या पेट्या भरलेल्या असतील तर पिशवी पेटीशेजारी टेकवून जाऊ नका. रात्रीत कुत्री ती फोडतात आणि सकाळच्या फोटोत तो कचरा तुमच्या नावावर असतो. सोबत घेऊन जा.

शेवटी एक जण शेडच्या एका टोकाला आणि एक दुसऱ्या टोकाला उभा राहून, जमिनीकडे बघत, एकमेकांकडे चालत या. टाचण्या, काड्या, बाटल्यांची झाकणं, रबर बँड असंच सापडतात, उभ्याउभ्या नजर फिरवून नाही.

मग कर्मचाऱ्याला बोलावून जागा दाखवा आणि परवान्याच्या मागच्या बाजूला "जागा सुस्थितीत मिळाली", वेळ आणि सही एवढं मागा. मनात अवघडल्यासारखं वाटतं, पण मागा. पुन्हा तेच दहा फोटो, त्याच कोनांतून. अनामत परत करायची मुदत पावतीवर लिहिलेली असते. ती उलटली की अर्ज क्रमांक, पावती क्रमांक, सहीचा फोटो आणि बँकेचा तपशील असा चार ओळींचा ईमेल पाठवा. फोन करत बसू नका, फोन उचलणारा माणूस दर वेळी वेगळा असतो.

आणि काही विसरलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी चौकशी करा. आमचे चौदांपैकी अकरा चमचे तिथेच मिळाले, वॉचमनकाकांच्या खुर्चीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.